हलणारे दात आणि खाली सरकलेल्या हिरड्या : बिघाड नेमका कुठे आहे, हे शोधण्याचा क्रम

‘डॉक्टर, दात हलतोय, काढूनच टाका.’ नाशिकच्या पंचवटीतील माझ्या दवाखान्यात गेल्या बावीस वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य हेच असावे. निफाड-दिंडोरीकडून येणारे द्राक्षबागायतदार, सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे कामगार, नाशिकरोडहून नातवाचा हात धरून येणाऱ्या आजी, अशी ही माणसे असतात. त्यांची वये निराळी, खाणेपिणे निराळे, तक्रार मात्र एकच. यांतील पुष्कळांचा दात काढावा लागत नाही, काहींचा काढावाच लागतो. कोण कोणत्या गटात बसतो हे दात किती हलतो यावर अवलंबून नसून तो का हलतो यावर अवलंबून असते. म्हणून ‘का’ कळल्याशिवाय दात काढण्याचाही आग्रह धरू नये आणि तो ‘घट्ट करणारे’ मंजनही आणू नये.

दाताचे मूळ जबड्याच्या हाडातील खोबणीत असते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, आणि चावताना येणारा दाब हा थर झेलतो. त्यामुळे निरोगी दातही अगदी केसभर हलतोच, फक्त ते आपल्याला जाणवत नाही. जे जाणवते ते दोनच कारणांनी : एक तर तंतू सुजलेले किंवा ताणलेले असतात, नाही तर भोवतालचे हाडच झिजून खाली गेलेले असते. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागायतदारांना मी एक्स-रेवर हे दाखवत होतो, तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे मांडवाचा अँगल (द्राक्षवेली पेलणारा लोखंडी खांब) शाबूत आहे, बुडातली माती वाहून गेली.’ मी तेव्हापासून हेच उदाहरण देतो. त्यांची हकीकत पुढे येईलच.

लक्षणे : ती कोणत्या क्रमाने येतात

दात हलणे हे बहुधा शेवटचे लक्षण असते. त्याच्या आधी काही वर्षे सकाळी ब्रश करताना थुंकी गुलाबी होते, पेरू चावला की फळावर रक्ताचा पुसटसा ठसा उमटतो आणि ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. नंतर हिरडीची दातालगतची कड फुगीर, लालसर आणि चकचकीत दिसू लागते. आपल्याकडे अनेकांच्या हिरड्यांवर जन्मतःच तपकिरी-काळसर छटा असते. ती स्वाभाविक आहे, तिला आजार समजू नये. पाहायची ती कडेची सूज. मग तोंडाला वास येऊ लागतो, आणि तो बहुतेक वेळा स्वतःला न जाणवता घरच्यांना जाणवतो. त्यापुढच्या टप्प्यात दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात, मुळाचा पिवळसर भाग उघडा पडतो, माठातले पाणी प्यायल्यावर सणक जाते, पूर्वी न अडकणारा चिवडा किंवा कोथिंबिरीची काडी ठरावीक फटीत अडकू लागते. समोरचे दात पंख्यासारखे पसरून मध्ये फट पडते. हिरडी दाबली तर पू येतो. दात हलू लागतो तो या सर्वांनंतर.

दोन गोष्टी मात्र लोक सतत एकत्र करतात, त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. हिरडी खाली सरकणे आणि दात हलणे या दोन तक्रारी एकाच तोंडात असू शकतात, पण त्यांचे कारण एकच असेल असे नाही. हिरडी घट्ट व गुलाबी आहे, रक्त येत नाही, दात हलत नाही, फक्त मूळ उघडे पडले आहे, असे असेल तर दोष बहुधा ब्रशमध्ये किंवा मंजनात असतो. याउलट हिरडी सुजून दातावर चढलेली दिसते, म्हणजे वरवर पाहता ती मुळीच सरकलेली नसते, आणि तरीही खालचे हाड गेलेले असते. हा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे.

हे असेल तर पुढची तपासणी घरी करू नये

गालावर, हनुवटीखाली किंवा मानेवर पसरत जाणारी सूज, ताप, तोंड उघडता न येणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालयात जावे. अशा वेळी दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये, रात्र असली तरी. दाताचा जंतुसंसर्ग जिभेखाली आणि मानेत उतरला की तो श्वासमार्ग दाबू शकतो.

तोंडात एकच दात, आजूबाजूच्या हिरड्या चांगल्या असताना, काही आठवड्यांत एकाएकी हलू लागला असेल, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, तर दंतवैद्याला ते त्याच आठवड्यात दाखवावे. जबड्यातील गाठ किंवा तोंडाचा कर्करोग असा प्रकट होऊ शकतो. सर्वच हिरड्या अचानक सुजून रक्त येत असेल आणि त्याबरोबर अशक्तपणा, ताप किंवा अंगावर विनाकारण निळे डाग असतील, तर रक्ताची तपासणी आधी करून घ्यावी, कारण रक्ताचे काही गंभीर आजार हिरड्यांतून पहिल्यांदा दिसतात.

मार लागून पक्का दात हलला किंवा निखळला असेल तर प्रश्न मिनिटांचा असतो. निखळलेला दात मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरावा, मातीने भरला असेल तर पाण्याने किंवा दुधाने केवळ क्षणभर विसळावा, घासू नये, शक्य असेल तर लगेच जागेवर बसवावा, नाही तर दुधात ठेवून अर्ध्या-एका तासात दंतवैद्याकडे पोचावे.

पहिली तपासणी : आरसा, टॉर्च आणि बोट

याला खर्च काहीच नाही. दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहून मोबाइलच्या टॉर्चने आधी खालच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू पाहावी, आणि मग वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळेच्या ग्रंथींची तोंडे या दोन ठिकाणांजवळ उघडतात, आणि लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दातांवरच्या जंतूंच्या चिकट थरात मुरून त्याचे किटण तेथेच सर्वांत आधी बनते. तेथे पिवळी किंवा काळपट खरबरीत कड दिसली, तर हिरडीच्या खालीही तसेच काही असण्याची शक्यता मोठी.

नंतर तर्जनी वरच्या पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला, अर्धी दातावर आणि अर्धी हिरडीवर, अलगद टेकवावी आणि दात एकमेकांवर हलकेच आपटावेत. ज्या दाताला प्रत्येक ठोक्यासरशी बोटाखाली धक्का जाणवतो, त्यावर चावण्याचा भार जास्त पडतो आहे असे समजावे. ही युक्ती आम्ही दवाखान्यातही वापरतो. मात्र जिभेने किंवा बोटाने दात पुनःपुन्हा हलवून ‘आज किती हलतो’ ते पाहण्याची सवय लागली असेल, तर ती सोडावी. सुजलेल्या तंतूंना त्यामुळे सावरायला अवधी मिळत नाही.

कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात : एक दात हलतो की अनेक, हळूहळू झाले की अचानक, रक्त येते की नाही. पुढच्या तपासण्यांची दिशा या तीन उत्तरांवरच ठरते, आणि दवाखान्यात आल्यावर आमचाही अर्धा वेळ वाचतो.

दुसरी तपासणी : हे आजाराशिवाय होत आहे काय

सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात हलणारच. वाकडे दात सरळ करण्यासाठी तारा लावल्या असतील तर त्या काळात दात थोडे हलणे अपेक्षित आहे. गरोदरपणात हिरड्या चटकन सुजतात आणि त्यांतून रक्त येते, पण याचा अर्थ त्या काळात दात साफ करून घेऊ नयेत असा नाही, उलट ते घ्यावेत. ‘प्रत्येक बाळंतपणात एक दात जातो’ ही समजूत चुकीची आहे. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही. आणि ‘वय झाले की दात हलायचेच’ हेही खरे नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसांचे घट्ट दात मी रोज पाहतो.

तिसरी तपासणी : ब्रश आणि त्याने काय घासले जाते

आपला ब्रश हातात घेऊन वरून पाहावा. तीन महिन्यांच्या आतच त्याचे केस झाडूसारखे चारी बाजूंना फाकले असतील तर घासण्याचा जोर जास्त आहे, हे ब्रशच सांगतो. मग आरशात सुळा आणि त्याच्यामागचे दोन छोटे दात पाहावेत. हिरडीच्या कडेला नखाला लागेल अशी आडवी खाच पडली आहे काय, आणि उजव्या हाताने घासणाऱ्याच्या डाव्या बाजूला ती जास्त आहे काय, हे तपासावे. तसे असेल तर ती खाच कडक ब्रश आणि आडवे रेटून घासणे यांनी पडलेली असण्याचा संभव फार. ज्यांची हिरडी मुळातच पातळ आहे किंवा ज्यांचे दात रांगेच्या बाहेर आलेले आहेत, त्यांची हिरडी अशा घासण्याने लवकर सरकते.

उपाय स्वस्त आहे. मऊ केसांचा ब्रश घ्यावा, तो हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत तिरपा टेकवावा, जागच्या जागी हलकेच थरथरवून मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवावा, आणि एकूण दोन मिनिटे द्यावीत. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, विटेचा चुरा आणि खरबरीत लाल मंजने थांबवावीत. त्यांनी दात तात्पुरते पांढरे वाटतात, कारण त्यांच्यावरचा थर खरवडला जातो. बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण तिने दातांच्या मधल्या फटी साफ होत नाहीत आणि हिरडीचे आजार बहुतांशी त्या फटींतच सुरू होतात.

सरकलेली हिरडी तेल चोळून, मालिश करून किंवा कोणत्याही पेस्टने परत वर येत नाही. ब्रश बदलण्याचा हेतू ती आणखी सरकू नये एवढाच असतो. सणक कमी करणारी पेस्ट दोन ते चार आठवडे नियमाने वापरली तर थंड लागणे कमी होते, परंतु ती हिरडीवरचा इलाज नव्हे.

चौथी तपासणी : मिश्री आणि तंबाखू

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या भागात निदान चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्री मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते आणि ती लावणारी बाई तिला तंबाखूच म्हणत नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते, आणि ते देताना ती खोटे बोलत नसते. म्हणून मी विचारतो, ‘सकाळी दाताला काय लावता?’ त्यावर मिश्री, तपकीर, गुल अशी खरी नावे येतात, आणि पुढे ‘दिवसातून तीन-चारदा, त्याशिवाय पोट साफ होत नाही’ हेही येते.

मिश्री एकाच वेळी तीन प्रकारे नुकसान करते. तिचा भाजलेला चुरा हिरडीची कड घासतो. तिच्यातील निकोटीन हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसून टाकते, त्यामुळे जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि जखम भरून काढणारे घटक तेथे पुरेसे पोचत नाहीत. तिसरी गोष्ट सर्वांत घातक : रक्तवाहिन्या आकसल्यामुळे हिरडीतून रक्तच येत नाही. ज्या लक्षणाने माणूस सावध व्हायचा, ते लक्षण झाकले जाते आणि खाली हाड झिजत राहते. मिश्री लावणाऱ्यांच्या हिरड्या वरून फिकट व घट्ट दिसतात, आणि आत मोजले तर सहा-सात मिलिमीटर खोल निघतात. तंबाखूची चिमूट ज्यांना रोज एकाच ठिकाणी ओठामागे ठेवण्याची सवय असते, त्यांची हिरडी नेमकी त्याच दोन-तीन दातांपुढे सरकलेली असते. बोट ठेवून दाखवता येईल इतकी नेमकी.

तंबाखू सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त वाढलेले दिसू शकते. ‘सोडली तर उलट त्रास झाला’ म्हणून लोक परत सुरू करतात. ते रक्त म्हणजे हिरडीचा रक्तपुरवठा पूर्ववत होत असल्याची खूण असते, आणि साफसफाई चालू ठेवली की ते थांबते. एकट्याने सुटत नसेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

पाचवी तपासणी : पंधरा दिवसांची परीक्षा

१९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला लावले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. घरी करायच्या परीक्षेचा आधार हाच आहे. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, त्यांपैकी एकदा झोपण्याआधी, दात घासावेत. दातांमधील फटींसाठी बाटलीच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा इंटरडेंटल ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो, तो रोज एकदा वापरावा. फटीत घट्ट बसेल पण रेटावा लागणार नाही, असा आकार निवडावा. पहिले तीन-चार दिवस रक्त जास्त येईल. त्या भीतीने तो भाग टाळू नये.

पंधरा दिवसांनी रक्त थांबले तर सूज हिरडीपुरतीच होती आणि ती परतवता आली. थांबले नाही, तर हिरडीच्या खाली ब्रश पोचू शकणार नाही अशा ठिकाणी किटण आहे, आणि घरचा भाग येथे संपला असे समजावे. या काळात कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला हरकत नाही. क्लोरहेक्झिडीनचे ०.२ टक्क्यांचे माउथवॉश दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्वतःच्या मनाने वापरू नये, कारण त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. शिवाय ते ब्रश केल्यानंतर लगेच न घेता अर्ध्या तासाने घ्यावे. दुखऱ्या हिरडीवर लवंगेचे तेल थेट लावू नये, हिरडी भाजते. आणि औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून घेणे हा यावरील उपाय नव्हे. किटण जागेवर असेपर्यंत गोळ्यांनी सूज चार दिवस दबते आणि पुन्हा उठते.

सहावी तपासणी : साखर आणि गोळ्यांची पाकिटे

दोन-तीन ठिकाणी वारंवार हिरडीचे गळू येते, जखमा लवकर भरत नाहीत, पन्नाशीच्या आसपासच अनेक दात एकदम हलू लागले आहेत, असे असेल तर मी दाताच्या एक्स-रेच्या आधी एचबीएवनसी तपासायला सांगतो. मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी त्यातून कळते; ५.७ टक्क्यांखाली सामान्य, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. माझ्याकडे दात काढायला आलेल्या आणि मधुमेह घेऊन परतलेल्या माणसांची संख्या कमी नाही. हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो : वाढलेली साखर हिरड्यांची झीज वेगाने करते, आणि हिरड्यांतील जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. त्यामुळे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवावेत.

चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत. रक्तदाबाची अम्लोडिपिन, फिट्सवरील फेनिटॉइन आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन यांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर येतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कर्करोगासाठी अलेंड्रोनेट अथवा झोलेड्रोनिक आम्ल घेत असाल, तर दात काढण्याआधी ते सांगणे अत्यावश्यक आहे, कारण काढलेल्या जागेचे हाड न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयीही सांगावे. यांतील कोणतीही गोळी स्वतः बंद करू नये.

सातवी तपासणी : चावा

अलीकडे कॅप बसवली किंवा दाढ भरली आणि त्यानंतर तीच दाढ किंवा तिच्यासमोरची दाढ हलू लागली, तर कारण बहुधा कॅपच्या उंचीत असते. सातपूरचे एक फिटर माझ्याकडे ‘ही दाढ गेली’ असे म्हणून आले, कॅप दुसरीकडे बसवलेली होती. दातांमध्ये निळा कार्बन कागद ठेवून त्यांना चावायला सांगितले, तर इतर दाढांवर पुसट ठिपके आणि त्या कॅपवर एकच गडद, ज्वारीच्या दाण्याएवढा डाग. तेवढाच भाग घासून उतरवला. फिटर मला म्हणाले, ‘बेअरिंगवर एकीकडून लोड आला की असंच होतं.’ तीन आठवड्यांनी दाढ घट्ट होती. भार काढला की तंतू सावरतात, मात्र हे तेव्हाच, जेव्हा हाड शाबूत असते. झोपेत दात खाणाऱ्यांचेही असेच होते. सकाळी जबडा आणि कानशिले दुखत असतील तर घरच्यांना रात्रीच्या आवाजाविषयी विचारावे.

एकच दात हलत असेल आणि त्याच्यात खोल कीड, जुनी मोठी भरणी किंवा तडा असेल, तर मुळाच्या टोकाशी झालेला संसर्गही कारण असू शकतो. तेथे इलाज रूट कॅनालचा असतो, हिरडीचा नव्हे, आणि हे वरून पाहून ओळखता येत नाही.

येथून पुढे दंतवैद्य

दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा खुणा असलेली बारीक बोथट सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतो. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून लक्ष ठेवायचे, सहा किंवा जास्त म्हणजे घरच्या कोणत्याही ब्रशच्या आवाक्याबाहेर. ‘हिरड्या पाहिल्या, पण मोजल्या नाहीत’ अशी तपासणी अपुरी समजावी आणि मोजायला सांगण्यात संकोच करू नये. हलण्याचेही माप असते : आडवे एक मिलिमीटरपर्यंत, त्याहून जास्त, आणि दाबल्यावर खोबणीत वरखाली होणारा. एक्स-रेमध्ये दोन दातांमधले हाड दिसते, परंतु दाताच्या पुढचे आणि मागचे हाड मुळाच्या सावलीत लपते; म्हणून नुसत्या एक्स-रेवर विसंबणेही बरोबर नाही.

मग साफसफाई. ‘दात साफ केल्याने ढिले होतात’ ही समजूत येथे आडवी येते. म्हसरूळच्या एका आजींच्या खालच्या पुढच्या दातांमागून मी किटणाचा एक अखंड तुकडा काढला होता, बोराच्या बीएवढा, बाहेरून काळपट आणि आतून चुनखडीसारखा. त्या जीभ फिरवून म्हणाल्या, ‘दातांत वारं शिरतंय, तुम्ही फटी पाडल्या.’ फटी आधीच होत्या. हाड खाली गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत किटण भरून बसले होते आणि त्यानेच चार दात एकमेकांना चिकटवून धरले होते. तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला, तेव्हा त्या बराच वेळ तो उलटसुलट करून पाहत राहिल्या आणि मग रुमालात बांधून घरी दाखवायला घेऊन गेल्या.

हिरडीखालची खोल सफाई जागा बधिर करून करतात. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजणे आवश्यक असते, कारण सूज उतरून तंतू आवळायला तेवढा वेळ लागतो आणि त्याआधी शस्त्रक्रियेचा निर्णय घाईचा ठरतो. खोली तरीही जास्त राहिली तर हिरडी उघडून साफ करावी लागते. हलणारे पुढचे दात मागून बारीक तंतू किंवा तार लावून एकत्र बांधता येतात, पण खालची सफाई न करता बांधणे म्हणजे गळक्या छपराला आतून रंग देणे. उघड्या मुळावर तोंडातील टाळूच्या त्वचेचा तुकडा लावून हिरडी वर आणता येते. दोन दातांमधील हाड आणि हिरडी शाबूत असतील तरच मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा असते. वरखाली हलणारा आणि टोकापर्यंत हाड गेलेला दात काढावाच लागतो. त्याजागी रस्त्याकडेला बसून शेजारच्या दातांना तार आणि सिमेंटने पक्का चिकटवलेला दात लावून घेऊ नये. तो ज्या दातांना बांधतात, तेच दात पुढच्या दोन वर्षांत माझ्याकडे येतात.

खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयाचा रस्ता धरावा. पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे, आणि दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या आजारांचा स्वतंत्र विभाग असतो. वेळ जास्त लागतो, पण काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होते.

पिंपळगावचे ते बागायतदार पहिल्यांदा आले तेव्हा ऑक्टोबर होता. दोन दातांभोवती सात मिलिमीटर खोली होती. ‘गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) उरकू द्या’ म्हणाले, मग डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवण्याचे काम, आले, मग माल काढणी, आणि ते परत आले ते एप्रिलमध्ये. तोवर दोहोंपैकी एक दात वरखाली हलू लागला होता, तो काढला. दुसऱ्याची खोल सफाई केली, त्यांनी तंबाखू सोडली, आणि खोली चारवर आली. अशा तोंडात जंतू हिरडीखाली साधारण तीन महिन्यांत पुन्हा जम बसवतात, म्हणून त्यांच्या वर्षातून चार फेऱ्या ठरल्या. त्यांनी त्या दवाखान्याच्या तारखांत न लिहिता बागेच्या कामांत लिहिल्या : खरड छाटणीनंतर (काढणीनंतरची छाटणी), पोळ्याच्या आसपास, डिपिंगच्या आधी, काढणी संपल्यावर. याला सहा वर्षे झाली. तो दात अजूनही किंचित हलतो. दर फेरीला मी सळई घालून मोजतो, ते खुर्चीतूनच ‘किती?’ असे विचारतात, आणि आकडा चारच येतो.